मणी ठेवायचं भाडं

आत्या दर दसऱ्याला सोन्याचा एक मणी घ्यायची. ज्वारीच्या दाण्याएवढा, पण भरीव. लाख भरलेला पोकळ मणी मोठा दिसतो आणि स्वस्तही पडतो. तो तिला चालत नसे. "दिसायला घेऊन राहिले का मी? मोडायला घेऊन राहिले," असं ती आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या सोनाराला दरवर्षी सुनवायची आणि सोनार दरवर्षी हसायचा. हातपाय चालेनासे झाले की वर्षाला एकेक मणी मोडायचा आणि कोणापुढे हात न पसरता जगायचं, असं तिनं ठरवलेलं होतं. जितकी वर्षं राबलो तितकी वर्षं बसून खायचं. यापेक्षा न्याय्य योजना मी अजून कुठल्या सरकारी कागदावर वाचलेली नाही.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर ती भावाकडे आली, पण येतानाच अट घालून आली. राहीन तुझ्या छपराखाली, खाईन माझं. गोरेगावात मुलांचं एक खाजगी वसतिगृह होतं, तिथं ती भाकरी थापायला लागली. आमच्या गावाहून रोज सकाळी जीपनं जायची, संध्याकाळी यायची. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालणं, वेणी घालणं, शाळेत पाठवणं हे सगळं सकाळच्या जीपच्या आधी आणि संध्याकाळच्या जीपनंतर आत्यानंच केलं. वसतिगृहानं तिला शेवटी एक शाल आणि नारळ दिला. नारळाची आम्ही चटणी केली. महिन्याला काही येणार नव्हतं. म्हणून मणी.

बाबांची थोडी कोरडवाहू शेती आहे. तूर, सोयाबीन. पण त्यांचा जीव पत्रकांत. आमच्या घरात पलंगाखाली, कोठीवर, देवळीत, सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे असायचे. हुंडा घेऊ नका. अंगात येणाऱ्या बाईला दवाखान्यात न्या. दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडू नका. बाजाराच्या दिवशी बाबा ती वाटत फिरायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी शुद्धलेखन लिहायचे. मला वाचायलाही तिथूनच आलं. पुढे मीही पत्रकं लिहू लागले, आणि अजून लिहिते.

त्यांचं एक पत्रक मेलेल्या माणसाच्या तोंडात सोनं घालण्याविरुद्ध होतं. आमच्याकडे माणूस गेला की तोंडात पाणी, तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालतात. बाबांनी मथळा दिला होता, 'मेलेल्याच्या तोंडात सोनं कशाला? जित्याच्या तोंडात घास घाला!' आत्यानं ते पत्रक चुलीपुढे बसून माझ्याकडून वाचून घेतलं.

"घास बी मीच घालून राहिले तुला," ती बाबांना म्हणाली. "आन् सोनं बी माझंच. तू काहून तकलीफ घेतो?"

"अक्का, तुझ्यावर न्हाई लिहिलेलं ते."

"मग कोणावर? गावात सोनं आहे कोणापाशी इतकं?"

बाबांना हसू आलं, पण त्यांनी माघार घेतली नाही. आत्यानंही घेतली नाही. तिचा सगळ्यात पहिला मणी, पहिल्या पगारातला, बाकीच्या माळेत ओवलेला नव्हता. तो वेगळ्या चिंधीत बांधलेला असायचा. तो तोंडाचा मणी. बाकी सगळे मोडून खायचे, हा एक बरोबर न्यायचा. "आन् दुसऱ्या कोणाचं घालू नका बरं," ती सांगायची. "मंगळसूत्रातला काढून देतीन बाया, मोठेपणा करतीन. मला उसनं तोंडात घेऊन जायाचं न्हाई." मला हे सगळं चुकीचं वाटायचं. जे सोनं आगीत जाणार त्यासाठी बाईनं पहिला पगार का द्यावा? मी तिच्याशी भांडायचे. ती म्हणायची, भांड, पण वेणी हलवू नको.

हे मणी घरात कधीच नव्हते. गोरेगावात वसतिगृहाच्या समोर कापडाचं एक दुकान होतं. त्या दुकानदाराला आम्ही चाचा म्हणायचो. गल्ल्याखाली त्यांची एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीत आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी बायकांच्या पुरचुंड्या असायच्या. कोणाच्या तांड्यावर घराला धड दार नव्हतं, कोणाचा नवरा पिणारा, कोणाचा मुलगा जुगारी. चाचा ते सगळं अमानत म्हणून ठेवायचे. ना पावती, ना भाडं. गाठ जिची तिनंच मारायची आणि तिनंच सोडायची. दसऱ्याला नवा मणी घेऊन आत्या दुकानात जायची, मी तिच्याबरोबर. चाचा पुरचुंडी तिच्या हातात द्यायचे आणि खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आत्या गाठ सोडायची, मणी ओवायची, पुन्हा गाठ मारायची. मग खोकायची. खोकल्याचा आवाज आला की चाचा वळायचे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "चाचा, तुम्ही तिकडं तोंड काहून करता?"

"बघितलं की डोकं मोजायला लागतं, बेटा," ते म्हणाले. "मोजलं की लालच येते. न्हाई बघितलं तर नुसती गठुडी हाय."

आत्यानं एका वर्षी त्यांच्यापुढे काहीतरी ठेवायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं सांभाळता, काही तरी घ्या. चाचांनी ते गल्ल्यावरून तिच्याकडे सरकवलं. "बाई, अमानतीचं भाडं घेतलं की ती दुकानदारी झाली. कापडाची दुकानदारी हायच की माझी, ती फार होते." मग आत्या दर दिवाळीला त्यांच्याकडे डबाभर करंज्या द्यायची आणि ईदला डबा शिरखुर्मा घेऊन परत यायचा. एवढाच काय तो त्या पेटीचा खर्च.

चाचा थकले. डोळे गेले, गुडघे गेले. मुलानं हिंगोलीत घर केलं होतं, तो त्यांना न्यायला आला. दुकान बंद करण्याआधी चाचांनी गावोगावी निरोप धाडले आणि एकेक बाई येऊन आपापली पुरचुंडी घेऊन गेली. आत्या गेली तेव्हा पेटीत फार थोडं उरलं होतं.

"बघून घ्या," चाचा म्हणाले आणि खुर्ची फिरवायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली. "न बघताच नेते."

जीपमध्ये तिनं पुरचुंडी पोटाशी धरली होती. घरी आल्यावर तिला कळेना कुठं ठेवावी. ज्वारीच्या कोठीत घातली, काढली. उशीखाली घातली, काढली. बाबांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यात घालून पाहिली. "इथं कोणी हात लावणार न्हाई, येवढं खरं," ती म्हणाली, आणि पुन्हा काढली. तिची झोप उडाली. शेवटी मीच म्हणाले, आपण चौकशी करू. सोनं सांभाळायचं कोण काय घेतं, ते सगळीकडे विचारू आणि बरोबर मांडून बघू. मला अशी कामं आवडतात. एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर मी रकाने आखले.

हिंगोलीला बँकेत गेलो. लॉकर शिल्लक नव्हता. नाव लिहून ठेवा, रिकामा झाला की कळवू, असं सांगितलं. भाडं वर्षाचं, आगाऊ. शिवाय एक ठेव अडकवून ठेवायची. आत्यानं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "माय, ह्या भाड्यात किती वर्षांत माझा एक मणी जाईल?"

मुलगी गोंधळली. मी मनात भागाकार केला आणि सांगितलं, "तीन वर्षांत एक."

"आपलंच सोनं, आन् तीन वर्षाला एक मणी बँक खाणार?"

"आजी, सगळ्यांना तेच भाडं आहे," मुलगी म्हणाली.

"सगळ्यांना म्हंजे? ज्याचं किलोभर आहे त्याला बी?"

"लहान लॉकर घेतला तर त्याला बी तेच. आत काय ठेवता ते आम्ही बघत नाही."

"मग मला काडीपेटीएवढा कप्पा द्या," आत्या म्हणाली, "आन् भाडं बी काडीपेटीएवढंच लावा."

मागे रांगेतले लोक हसले. मला हसू आलं नाही. सरसकट भाडं हे ऐकायला समतेसारखं वाटतं. प्रत्यक्षात ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला ते जाणवतही नाही, आणि जिच्याकडे मूठभर मणी आहेत तिचा ते दर तीन वर्षांनी एक मणी उचलतं. व्यापाऱ्याचं डबोलं आणि आत्याचं म्हातारपण एकाच दरानं तोलणं हा अन्याय आहे, असं मी तिथंच मोठ्यानं बोलले. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे थकल्या डोळ्यांनी बघत राहिली. आत्यानं माझा दंड धरून बाहेर आणलं. "तिनं ठरवलं का भाडं? तिला काहून वरडून राहिली?" तरी लॉकरच्या यादीत तिनं नाव लिहवून घेतलं होतं. नाव लिहायला पैसे पडत नव्हते.

गावातल्या एका ओळखीच्या पोरानं मोबाइलवरचं सोनं सांगितलं. ठेवायचं भाडं काही नाही, म्हणाला. मी खोलात जाऊन वाचलं. भाडं नव्हतं ते खरं, पण घेताना कर, घ्यायचा भाव एक आणि विकायचा दुसरा. म्हणजे दारात शिरतानाच मण्याचा तुकडा काढून घ्यायचे आणि मग आत फुकट बसवायचे. शिवाय आधी हे मणी विकावे लागणार होते. आत्यानं एवढंच विचारलं, "ते सोनं हाताला लागतं का?" मी म्हणाले, मागवलं तर घरी पाठवतात, त्याचे वेगळे पैसे. तिनं मान हलवली. सोनार म्हणाला, माझ्या तिजोरीत ठेवा, एक रुपया नको. आत्या त्याला जवळजवळ हो म्हणाली होती, पण तिला एक गोष्ट खटकली. तो बोलताना पुरचुंडीकडे बघत होता.

मार्ग शेवटी त्याच काउंटरवरच्या मुलीनं दाखवला. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनं आत्याला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, "आजी, सोनं तारण ठेवा. सगळं ठेवा, पण कर्ज अगदी थोडं घ्या. ते पैसे तुमच्याच खात्यात पडून राहू द्या. व्याज लॉकरच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी बसतं आणि सोनं आमच्या तिजोरीत. लई लोक असंच करतात. फक्त दरवर्षी येऊन व्याज भरायचं आणि कागद नवा करायचा."

मी पत्रकाच्या पाठीवर मांडून बघितलं. मूल्यांकनाचे पैसे धरूनही दहा-बारा वर्षांत एक मणी. सगळ्या रकान्यांत हाच सगळ्यात स्वस्त. मी आत्याला तसं सांगितलं.

"पर कर्ज म्हणतात नं त्याला?"

"नावाला."

"नावाला बी कर्जच नं." ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. जन्मभर तिनं किराणा दुकानात उधारी ठेवली नव्हती. गावात मीठ मागायला गेली तर संध्याकाळी वाटी परत द्यायची, वर थोडं जास्त घालून. आणि आता स्वतःचं सोनं सुखरूप ठेवायचं तर तिला कर्जदार व्हायला लागणार होतं. यावर मी पुढे एक पत्रक लिहिलं. बाबांनी ते छापलं, पण आत्याला वाचून दाखवलं नाही.

ती सही करायला तयार झाली ती झोपेपायी. "घरी ठेवून डोळा लागत न्हाई," ती म्हणाली. "व्हऊ दे कर्जदार."

बँकेचा मूल्यांकन करणारा सराफ टेबलावर कसोटी घेऊन बसला होता. त्यानं सगळ्यांसमोर गाठ सोडली. माळ मोकळी केली आणि एकेक मणी कसोटीवर घासायला लागला. आत्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. रस्त्यावर काही नव्हतं, एक उभा ट्रक होता. ती त्या ट्रककडे बघत राहिली.

"संपलं का घासणं?" तिनं न वळता मला विचारलं.

"न्हाई अजून."

"घासलं की थोडं जातंच असंल. ते तुझ्या रकान्यात लिहिलं का?"

माळ तोलून झाली. तोंडाच्या मण्याची चिंधी तिनं पदराच्या टोकाला बांधून ठेवली होती. हा घरी न्यायचा, असं ती येताना म्हणाली होती. पण वजन कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा तिनं पदर सोडला आणि तो मणी टेबलावर ठेवला.

"हा बी घ्या. सुटा ऱ्हाऊ द्या, पर ह्यांच्यातच ठेवा."

"आत्या, हा तर..."

"एकटा कुठं सांभाळू? उंदीर नेतीन. ह्याला बी भावंडांत राहू दे." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून हसली. "भिऊ नको. मरायच्या आधी आठ दिवस सांगते तुला, जाऊन घेऊन ये."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ती त्या जुन्या रूढीतून सुटली असं मी समजले. बाबांना घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी त्यांनी चहा स्वतः केला.

त्यानंतर तिला झोप लागायला लागली. वर्ष झालं की आम्ही दोघी हिंगोलीला जायचो, व्याज भरायचो, कागद नवा करायचो आणि मग चाचांना भेटायला त्यांच्या मुलाच्या घरी जायचो. चाचांना आता फारसं दिसत नसे. आत्या बोलली की ते आवाजाच्या दिशेला वळायचे.

"कुठं ठेवलं मग, बाई?"

"बँकेत."

"किती घेतात?"

"दहा-बारा वर्षाला एक मणी."

"बस, इतकंच?" चाचा म्हणायचे. "मग तर माझ्यापेक्षा सस्ती हाय. मी दर सालाला करंज्या घेत होतो." आत्या पदर तोंडाला लावून हसायची.

गेल्या दसऱ्याला ती सकाळीच बांधावर जाऊन आपट्याची पानं घेऊन आली. गावातली पोरं आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून आणतात, संध्याकाळपर्यंत रस्त्यावर पानांचा चिखल होतो. त्याविरुद्धचं बाबांचं पत्रक दरवर्षी एसटी थांब्यावर चिकटलेलं असायचं. आत्या फांदी तोडत नसे. घरटी दोन पानं, अशी हातानं खुडून, टोपलीत कापडाखाली घेऊन यायची. "तुझं पत्रक मीच एकटी पाळून राहिले," ती बाबांना म्हणायची. दुपारी ती टोपली घेऊन ओसरीवर बसली, पानांवरची धूळ पुसत. सोयाबीनची कापणी चालू होती, अर्धं गाव रानात होतं. ती मला म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं होतं, पाणी दे. मी पाणी आणलं. दोन घोट घेतले. भिंतीला टेकली. जीपवाल्याला बोलवायला पोरगं पळालं, जीप आली. पण तोवर ओसरीवर बसलेली आत्या उरली नव्हती.

तिनं आठ दिवस आधी सांगितलं नाही. आठ मिनिटंही नाही.

रानातून बाया आल्या. कपाळावर माती, हातात विळे. तिला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं. शेजारची म्हातारी, जिला सगळं गाव काकू म्हणतं, तिनं तुळशीचं पान आणलं, पाणी आणलं आणि माझ्याकडे हात केला.

"सोनं आण, बाई. हिचा मणी."

मी म्हणाले, बँकेत आहे.

"मग जा, मोटारसायकलवर कोणी तरी."

"आज दसरा आहे, काकू. बँक बंद आहे."

त्या गोष्टीचा अर्थ मला स्वतःच्या तोंडून ती निघाल्यावर कळला. मी इतके रकाने आखले होते. भाडं, ठेव, कर, भावातला फरक, गाडीभाडं, मूल्यांकन. दार कधी उघडं असतं याचा रकाना नव्हता. चाचांच्या पेटीला सुट्टी नसायची. ते दुकानावरच राहायचे. कोणीही बाई कधीही येऊन कडी वाजवायची.

काकूनं आपल्या गळ्याला हात घातला. मंगळसूत्रातला एक मणी ती दोऱ्यातून सोडवायला लागली. दुसऱ्या दोघी-तिघी पुढे झाल्या. माझा काढा, माझा काढा. कोणाच्याही मनात खोट नव्हती. गरीब बाया होत्या, आणि जो मणी आगीत जाणार आणि परत येणार नाही तो त्या देत होत्या.

बाबा तोवर कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले आणि काकूचा हात धरला.

"नका," ते म्हणाले. "ती घेणार न्हाई. जित्तेपणी कोणाचं काही घेतलं न्हाई तिनं."

"पर भाऊ, रिकाम्या तोंडानं?"

"उसनं न्हाई घालायचं. तिनं सांगितलेलं आहे."

काकू रडायला लागली. पत्रकवाल्या माणसाला शेवटी पत्रकच पाळायचं होतं, असं तिला वाटलं असावं. एक बाई तसं पुटपुटलीही. बाबांनी ते ऐकलं. ते ओसरीवर गेले. आत्याची टोपली तिथंच होती, पाण्याचा पेला शेजारी तसाच. कापडाखाली पानं होती, अर्धी पुसलेली, अर्धी धुळीची. त्यांनी त्यातलं एक पुसलेलं पान घेतलं. आत आले, गुडघ्यावर बसले.

"हे तिनं आणलंय," ते म्हणाले. "हे तिचं सोनं आहे. हे उसनं न्हाई."

आणि ज्या माणसानं सोनं घालण्याविरुद्ध लिहिलं, पान तोडण्याविरुद्ध लिहिलं, त्यानं ते आपट्याचं पान दुमडून आपल्या बहिणीच्या ओठांत ठेवलं. वरून पाणी सोडलं. थोडं पाणी हनुवटीवर ओघळलं. ते मी पदरानं टिपलं.

संध्याकाळी गाव शिलंगणाहून परत येत होतं आणि आम्ही तिला घेऊन निघालो होतो. वाटेत भेटलेल्या माणसांच्या हातांत आपट्याची पानं होती. ती देता येईनात, ठेवता येईनात. कोणी खिशात घातली. कोणी तिरडीवर ठेवली. 'सोनं घ्या' असं त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणी म्हणालं नाही.

वारसाचे कागद जमवण्यात हिवाळा गेला. तहसील, ग्रामपंचायत, प्रतिज्ञापत्र. आत्याच्या खात्यात ती कर्जाची रक्कम जशीच्या तशी पडून होती, त्यातून कर्ज फिटलं. व्याजही तिनं आधीच बाजूला काढून ठेवलेलं निघालं. मेल्यावरसुद्धा ती कोणाचं देणं लागली नाही, ही गोष्ट मी चाचांना सांगितली. त्यांनी विचारलं, "करंज्यांचा डबा माझ्याकडंच राहिला, तो कोणाला देऊ?"

बँकेत बाबा माझ्याबरोबर आले होते. मोहोर लावलेलं पाकीट आणलं गेलं. तीच मुलगी काउंटरवर होती. तिनं आत्याबद्दल विचारलं आणि ऐकून तिचे डोळे भरले. सराफानं मोहोर फोडली आणि मणी तोलायला टेबलावर ओतले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चाचांच्या पेटीसमोरचा तो रिवाज कधी बघितला नव्हता, मीही कधी सांगितला नव्हता. पण ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"माळ बरोबर आहे," सराफ म्हणाला. "आणि हा एक सुटा."

आम्ही सह्या करत होतो तेव्हा त्या मुलीनं रजिस्टर चाळलं. "आजींचं लॉकरच्या यादीत नाव होतं," ती म्हणाली. "नंबर लागला आता. हवा तर तुमच्या नावावर करून देता येईल. भाडं थोडं वाढलंय."

"किती?" बाबांनी विचारलं. मग जणू स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या," आणि बाकावर बसले. त्याच बाकावर, जिथं आत्या कर्जदार व्हायचं की नाही याचा विचार करत बसली होती.

माळ त्यांनी माझ्या हातात दिली. तुझ्या म्हातारपणाला, म्हणाले. मी सत्तावीस वर्षांची आहे. मला त्या माळेचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. ज्या बाईनं एकेक मणी तव्याच्या धगीतून काढला तिला त्यातला एकही मोडून खायला मिळाला नाही, आणि तिनं बसून खायची वर्षं कोणत्याच तिजोरीत नव्हती.

सुटा मणी मात्र बाबांनी मला दिला नाही. बसस्थानकावर उभ्या उभ्या त्यांनी तो आपल्या रुमालाच्या टोकात घातला आणि गाठ मारली. एक गाठ पुरेशी वाटली नाही म्हणून दुसरी. आमच्या गावाकडं जाणाऱ्या सेनगावच्या गाडीत खिडकीकडची जागा मिळाली. ते सगळा रस्ता त्या गाठीवर मूठ ठेवून बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी रुमाल कुठं ठेवला हे मी बघितलं नाही. मी दाराकडे तोंड करून बसले होते. ते खोकले, तेव्हा मी वळले.

तो मणी कोणासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही.